क्लीनर नसलेली लॉरी

मंडळाच्या या त्रैमासिकात आजवर काव्य, नाटक, संतवाङ्मय आणि क्वचित चित्रपट यांचा परामर्श घेण्यात आला आहे. संगणकावरील एखाद्या खेळाचे परीक्षण या पानांवर यावे, ही कल्पना काही ज्येष्ठ सभासदांना रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. तथापि ज्या वस्तूपुढे आपल्या घरातील नातवंडे रोज दोन-दोन तास बसतात, तिची बोळवण 'डोळे बिघडतील' एवढ्या एका वाक्यात करणे समीक्षेला शोभत नाही. शिवाय हा खेळ राक्षस मारण्याचा नाही, मोटारींच्या शर्यतीचाही नाही. तो मालाची लॉरी हाकण्याचा आहे. आणि हुबळीसारख्या, लॉऱ्यांच्या जिवावर वाढलेल्या गावात लॉरीविषयीची कोणतीही कृती परकी मानता येत नाही.

कृतीचे नाव 'युरो ट्रक सिम्युलेटर २'. प्राग येथील एससीएस सॉफ्टवेअर या कंपनीने ती ऑक्टोबर २०१२ मध्ये बाजारात आणली आणि पुढे तिच्या नकाशात एकेका प्रदेशाची भर घातली: २०१५ मध्ये स्कँडिनेव्हिया, २०१७ मध्ये इटली, २०२१ मध्ये स्पेन व पोर्तुगाल. रशियाचा भाग तयार होत असतानाच युक्रेनचे युद्ध सुरू झाले, आणि २०२२ मध्ये कंपनीने त्या भागाचे प्रकाशन थांबवले. लॉरीच्या खेळालाही युद्धाची झळ लागते, ही गोष्ट आम्हांस कुतूहलाची वाटली.

खेळाडूने करायचे ते इतकेच, की एका शहरातून माल उचलायचा आणि दुसऱ्या शहरात पोहोचवायचा. वाटेत लाल दिवा ओलांडला तर दंड, वेग वाढवला तर दंड, अंधारात दिवे न लावता गाडी नेली तरी दंड. मालाला धक्का लागला तर नुकसानीचा टक्का पडद्यावर दिसतो आणि भाडे त्या मानाने कमी होते. घातक रसायने, नाजूक माल, तातडीचा माल, लांब पल्ला, इंधनाची बचत, यांतील प्रत्येक कौशल्य अनुभवाने एकेक पायरी मिळवावे लागते. इंग्लंडच्या रस्त्यांवर आमचा नातू डाव्या बाजूने निर्धास्त गाडी हाकतो. डोव्हरची खाडी ओलांडून कॅलेला उतरला, की सारे जग उजवीकडून चालू लागते आणि पहिल्याच चौकात त्याची तारांबळ उडते. शत्रू नाही, शेवट नाही, जिंकणेही नाही. वळणावर मागचा बोजा पुढच्या डोक्याला कसा ओढतो, उतारावर ब्रेक आधी धरावा लागतो, रिकामी गाडी व भरलेली गाडी यांचा स्वभाव कसा वेगळा असतो, हे या खेळाने फार चांगले टिपले आहे. वजन ही गोष्ट पडद्यावर दाखवणे सोपे नाही. ती येथे हाताला जाणवते, आणि हे यश आम्ही मनापासून मान्य करतो.

भरताने नाट्यशास्त्रात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी अशा प्रयोगाच्या दोन रीती सांगितल्या आहेत. लोकव्यवहार जसाच्या तसा रंगभूमीवर आणणे ही पहिली. संकेतांनी, अतिशयाने व संक्षेपाने तो सूचित करणे ही दुसरी. 'सिम्युलेटर' हे नाव लोकधर्मीचा दावा करते, आणि आरसे, गिअर, इंधनाचा काटा, वायपर यांबाबत तो खराही आहे. परंतु या खेळाचा कणा पूर्णतः नाट्यधर्मी आहे. त्यातील युरोप मूळ युरोपच्या सुमारे एकोणीस पट लहान केलेला आहे. त्याच मापाने हुबळी-पुणे हे सव्वाचारशे किलोमीटरांचे अंतर वीस-बावीस मिनिटांत संपेल. शहरात शिरताच खेळातील घड्याळ मंदावते, बाहेर पडताच पुन्हा धावू लागते. कथाकार जसा महत्त्वाच्या प्रसंगापाशी रेंगाळतो आणि मधला प्रवास एका वाक्यात उरकतो, तसेच हे. यात दोष नाही. प्रत्यक्षातला संपूर्ण कंटाळा विकत घ्यायला कोण येईल? प्रश्न येतो तो कंटाळ्याबरोबर आणखी काय गाळले गेले याचा.

निद्रेचेच पहा. सुमारे अकरा तास गाडी चालवली की खेळातील चालक जांभया देऊ लागतो, पडदा क्षणभर काळोखतो, आणि विसाव्याच्या जागी गाडी उभी करून झोप घेणे भाग पडते. कळ दाबली, रात्र सरली. ही अट खेळाडूला नको असल्यास खेळाच्या सोयींमध्ये जाऊन ती बंदही करता येते. युरोपात २००६ च्या नियमानुसार साडेचार तासांच्या चालनानंतर पाऊण तास विश्रांती सक्तीची आहे. आपल्याकडे मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ मध्ये झाला आणि त्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा होती. ती कागदाबाहेर किती आली, हे रात्री दोन वाजता महामार्गावरच्या एखाद्या ढाब्यावर बसून कोणीही पाहावे. ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन असावे, ही सक्ती करणारी अधिसूचनासुद्धा डिसेंबर २०२३ ची, आणि तीही नव्याने तयार होणाऱ्या गाड्यांपुरती. खेळातील केबिन पहिल्या दिवसापासून गार आहे, तिच्यात रेडिओ आहे, आणि तिला डिझेलचा वास नाही.

अपघाताचेही तसेच. टक्कर झाली की दंड कापला जातो, नुकसानीचा आकडा वाढतो, दुरुस्तीचे बिल येते. समोरच्या मोटारीत कोणी बसलेले होते, असे खेळ मानीत नाही. जानेवारी २०२१ मध्ये इटिगट्टीजवळ, आपल्या अरुंद वळणरस्त्यावर, दावणगिरीहून गोव्याला सहलीला निघालेल्या मैत्रिणींची गाडी आणि टिपर यांची जी धडक झाली, ती या गावात ज्यांना आठवते, त्यांना हा टक्क्यांचा हिशेब पाहवणार नाही.

येथे कोणी म्हणेल, की खेळाकडून एवढी अपेक्षा कशाला? भातुकलीतल्या चुलीवर भात शिजत नाही म्हणून कोणी तिला खोटी म्हणत नाही. आक्षेप योग्य आहे. परंतु भातुकलीत एक गोष्ट असते, जी या खेळात नाही: दुसरा भिडू. भातुकलीत आई लागते, पाहुणे लागतात, रुसणारे मूल लागते. या लॉरीत आरंभापासून अखेरपर्यंत एकच माणूस आहे. खेळाच्या याच उणिवेवर एका जाणत्याने आमच्या देखत बोट ठेवले, म्हणून तो प्रसंग सविस्तर सांगतो.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त लॉरीचालक मराठा गल्लीत राहतात. चाळीस वर्षे मुंबई, इचलकरंजी, बंगळूर, अंकोला या वाटांवर त्यांनी गाडी चालवली. गेल्या दिवाळीत ते फराळाला आले असता नातवाने त्यांना आग्रहाने खेळापुढे बसवले. कोप्पीकर रोडवरील एका दुकानातून नुकतेच आणलेले चाक टेबलाला जोडलेले होते. आजोबांनी चष्मा सारखा केला, चाकावर हात ठेवला, आणि पहिल्या दहा मिनिटांत आम्ही एक गोष्ट पाहिली: त्यांच्या हातून एकही गिअर चुकला नाही. महामार्ग सरला, गाव आले, माल उतरवण्याचे आवार आले. आता गाडी मागे घ्यायची. या खेळातील सर्वांत कठीण कसोटी हीच. जोडगाडी मागे घेताना चाक उलट दिशेला फिरवावे लागते, थोडे अधिक झाले की बोजा कोनात मुडपतो, आणि अनेक खेळाडू येथेच हार मानतात. खेळालाही ते ठाऊक आहे. म्हणून सोपी जागा, अवघड जागा, किंवा हे काम टाळून थेट भाडे घेणे, असे पर्याय तो स्वतःच पुढे करतो. अवघड जागा साधणाऱ्यास जास्त गुण.

आजोबांनी मान खिडकीबाहेर काढावी तशी खुर्चीच्या उजव्या अंगाला झुकवली, मागे पाहिले, आणि थांबले. मागे आमची भिंत होती.

"क्लीनर कुठाय, बाळ?" त्यांनी विचारले.

"क्लीनर नसतो, आजोबा. आरशात बघायचं."

"क्लीनर नसताना गाडी मागं घेत नसतात," ते म्हणाले, आणि चाकावरचे हात काढून घेतले.

आम्ही हसलो, पण ते वाक्य समीक्षा म्हणून अचूक होते. कोप्पीकर रोडवर पहाटे माल उतरवायला आलेली लॉरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या कानांत 'बरली, बरली' ही हाक आणि शेवटचे 'होल्डान' घुमत असेल. फळीवर हाताची थाप मारत तो पोरगा गाडीला इंचाइंचाने मागे बोलावतो. चालकाचे डोळे पुढे, क्लीनरचे मागे; गाडी दोघांची मिळून एक. पुढे हमाल, ताडपत्रीच्या दोऱ्या, बिल्टीवरील सही. यांतील एकही माणूस खेळात येत नाही. माल आपोआप चढतो, आपोआप उतरतो.

खेळाच्या कथेविषयी थोडे. खेळाडू प्रथम दुसऱ्याची गाडी चालवतो, मग बँकेचे कर्ज काढून स्वतःची घेतो, गॅरेज वाढवतो, चालक नेमतो आणि शेवटी ताफ्याचा धनी होतो. अन्यत्र हे स्वप्नरंजन वाटले असते. हुबळीकरांना वाटणार नाही. विजय संकेश्वर यांनी १९७६ मध्ये एका ट्रकवर आरंभ केला आणि त्या एका गाडीपासून व्हीआरएलचा ताफा उभा राहिला, ही आपल्या डोळ्यांसमोरची हकीकत आहे. तिच्यावर २०२२ मध्ये 'विजयानंद' हा कन्नड चित्रपटही निघाला. परंतु ही कथा मालकाची आहे. खेळात चालक नेमले की ते यादीतली नावे होतात, रोज कमाई पाठवतात. खेळाडू ज्या क्षणी मालक होतो, त्या क्षणी त्याला चालकाची झोप दिसेनाशी होते. खेळ हे जाणूनबुजून सुचवतो असे आम्हांस वाटत नाही. पण ते घडते.

याच कंपनीने २०११ मध्ये 'एक्स्ट्रीम ट्रकर २' नावाचा खेळ काढला होता. त्यात अमेरिकेतील माँटानाबरोबर बांगलादेशचे रस्ते होते. प्रागहून पाहिले, की आपल्या उपखंडातला नेहमीचा रस्ता, गर्दीचा, बैलगाड्यांचा, 'अतिरेकी' या सदरात जातो! राग मानण्याचे कारण नाही. तो रस्ता आपल्यापैकी कोणी रचला नाही, एवढेच. उलट इंडोनेशियातील एका बसच्या खेळावर केरळच्या मुलांनी आपल्या गावच्या बसगाड्यांचे रंग चढवले आणि तो आपलासा केला. आरबैल घाट, निपाणीची चढण, पावसातला अंकोला रस्ता, यांचा खेळ आपली मुले का करणार नाहीत?

रस्ता माणसाची परीक्षा पाहतो, हा विषय आपल्या परिसराला नवा नाही. धारवाडात इंग्रजी शिकवणाऱ्या जी. ए. कुलकर्णींनी 'रमलखुणा' (१९७५) मध्ये 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोनच दीर्घकथा दिल्या, दोन्ही वाटचालीच्या. जी.एं.च्या प्रवाशाला वाटेत माणसे भेटतात आणि ती त्याला बदलून जातात. या खेळातला प्रवासी निघतो तसाच पोहोचतो. वाढतात ते फक्त त्याचे गुण आणि त्याची शिल्लक.

मात्र ही उणीव एकट्या प्रागच्या माथी मारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आमच्या वडिलांचे कापडाचे दुकान होते. इचलकरंजीहून गठ्ठे येत. लॉरी रात्री निघून सकाळी यायची. आली नाही तर वडील फळीवर बसून घड्याळ पाहत. आम्ही विद्यार्थिदशेत गठ्ठे मोजून घेत असू. पोच लिहून देताना चालकाचे तोंडही आम्ही धड पाहिल्याचे स्मरत नाही. एका पावसाळ्यात लॉरी दीड दिवस उशिरा आली, तेव्हा आमच्या दुकानातून जे शब्द गेले ते येथे लिहिण्यासारखे नाहीत. तो दीड दिवस कोठे गेला, हे कोणी विचारले नाही. या गावातील आपल्यासारख्या अनेक जुन्या घरांचा संसार वखार, अडत आणि पेढी यांवर उभा राहिला. आणि त्या घरांच्या आठवणींच्या ग्रंथांत, कुलवृत्तांतांत, आम्ही जेवढे वाचले तेवढ्यांत, लॉरी येते पण चालक येत नाही. खेळाने निदान आम्हांस त्याच्या जागी बसवले. वयाच्या सत्तरीत, टेबलाला जोडलेल्या चाकापुढे, कोलोनहून मिलानकडे जाताना रात्रीच्या पावसात वायपरच्या तालावर डोळे मिटू लागले, तेव्हा तो दीड दिवस आम्हांस प्रथम आठवला.

आजोबा पुढच्या रविवारी पुन्हा आले. या खेपेस नातू खुर्चीच्या मागे उभा राहिला आणि पडद्यावरच्या आरशांत पाहून 'बरली, बरली' म्हणू लागला. पहिल्यांदा बोजा मुडपला, दुसऱ्यांदा खांबाला लागला व दंड बसला, तिसऱ्यांदा नातवाने खुर्चीच्या पाठीवर थाप मारून 'होल्डान' म्हटले आणि गाडी जागेवर उभी राहिली. गुण जमा झाल्याची पाटी आली. आजोबांनी ती वाचली नाही. ते पडद्यात इकडेतिकडे पाहत राहिले आणि मग आमच्याकडे वळून म्हणाले, "सावकार, पोच कुणाकडून घ्यायची?"