क्रॅचिटबाईंचें पुडिंग

डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' ही नाताळकथा १९ डिसेंबर १८४३ रोजीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाली. तेव्हांपासून तिच्यावर एक आक्षेप वारंवार घेतला गेला आहे. तो असा कीं, या कथेंतील भूतदया पोटांतून येते. भाजलेले पक्षी आणि वाफाळलेलीं पेयें वाचकापुढें मांडावयाचीं, त्याच्या तोंडास पाणी सुटलें कीं डोळ्यांसहि आणावयाचें, आणि या दोन्ही पाण्यांना मिळून सद्भावना हें नांव द्यावयाचें, अशी ही युक्ति आहे. आक्षेप अगदींच निराधार नाहीं. तिसऱ्या प्रकरणाच्या आरंभीं वर्तमान नाताळचें भूत ज्या राशीवर बसलेलें दिसतें तिच्यांत टर्की आहेत, गूस आहेत, पुडिंगें आहेत, कालवांचीं पिंपें आहेत, सफरचंदें आणि संत्रीं आहेत. हें सगळें रांधलें कोणीं? कोणींच नाहीं. आपल्या आख्यानक कवींच्या लग्नपंक्तींत लाडवांचे डोंगर जसे आपोआप उभे राहतात, तशीच ही रास. असलें वर्णन भुकेल्या माणसानें लिहावें आणि भुकेल्या माणसानेंच वाचावें; पोट भरलेल्यास त्यांत फारसें कांहीं नाहीं.

परंतु त्याच प्रकरणांत थोडें पुढें गेलें कीं आपण कॅम्डेन टाउनमधील बॉब क्रॅचिट या कारकुनाच्या घरांत शिरतों, आणि तेथें लेखकाची बसण्याची जागाच बदलते. आतां तो टेबलापाशीं नाहीं, चुलीपाशीं आहे. चार खोल्या, आठवड्याचा पगार पंधरा शिलिंग, सहा मुलें. घरची बाई दोनदां उलटवून शिवलेल्या झग्यावर स्वस्त रिबिनी लावून सजलेली आहे. दुसरी मुलगी बेलिंडा टेबलावर कापड अंथरीत आहे. बापाची भलीमोठी कॉलर गळ्यांत अडकवून पीटर बटाट्यांच्या पातेल्यांत कांटा खुपसून पाहत आहे. थोरली मार्था टोप्या शिवणाऱ्या बाईकडे उमेदवारी करते. आदल्या रात्रींचें काम निपटावयाचें राहिलें म्हणून ती उशिरां येते. मुख्य पदार्थ मात्र घरांत नाहींच. गूस म्हणजे आपल्या सुभाषितांतला नीरक्षीर निवडणारा हंस नव्हे. पाळलेला, चरबीदार आणि अशा कुटुंबास वर्षांतून एकदां परवडणारा पक्षी. तो अखंड भाजण्याजोगी भट्टी कारकुनाच्या घरांत कोठून असणार? तो पाववाल्याच्या भट्टींत दिलेला आहे. रविवारीं आणि नाताळच्या दिवशीं पाव भाजण्याचें काम बंद असे, तेव्हां गरीब वस्तींतलीं माणसें आपलें जेवण त्या भट्ट्यांतून भाजून आणीत. या सोयीवर रविवारच्या पावित्र्याच्या नांवाखालीं बंदी आणूं पाहणाऱ्या मंडळींवर डिकन्सचा किती राग होता तें याच प्रकरणांतील स्क्रूज व भूत यांच्या संवादावरून कळतें. १८३६ सालीं त्यानें रविवारच्या निर्बंधांविरुद्ध एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली होती.

गूस आणावयास मुलें जातात आणि ती मिरवणूक परत येतांच घरांत जी धांदल उडते ती पाहण्यासारखी आहे. बाई आधींच करून ठेवलेला मांसाचा रस कढत करते, पीटर अंगांतलें सगळें बळ एकवटून बटाटे कुसकरतो, बेलिंडा सफरचंदाच्या चटणींत साखर घालते, मार्था गरम ताटल्या पुसते, आणि धाकटीं दोघें खुर्च्या मांडून होतांच आपली पाळी येण्यापूर्वीं ओरडूं नये म्हणून तोंडांत चमचे कोंबून बसतात. सणाच्या स्वयंपाकाचें खरें गणित यांत आलें आहे. पदार्थ एकेकटे कठीण नसतात. सगळे एकाच क्षणीं तयार आणि गरम असावयास हवेत, हें कठीण असतें. आणि एका गूसवर आठ माणसें जेवलीं कशीं, तेंहि लेखक लपवीत नाहीं. बटाट्यांनीं आणि चटणीनें तो पुरवला. ही पुरवण्याची विद्या आपल्या घरांतल्या बायकांस सांगावयास नको. अवचित चार पानें वाढलीं कीं आमटीचें काय होतें तें त्या जाणतात. एक फरक मात्र नमूद केला पाहिजे. क्रॅचिटबाई सर्वांबरोबर टेबलाशीं बसून जेवते. आपल्याकडे तिचें पान शेवटच्या पंगतींत, तेंहि उरलें तें वाढून घेऊन, मांडलें गेलें असतें.

यानंतर पुडिंग. मनुका, साखर, चरबी, अंडीं आणि पीठ यांचा गोळा फडक्यांत घट्ट बांधून तासन् तास उकळावयाचा, असा हा प्रकार आहे. क्रॅचिटांच्या घरीं तो धुण्याच्या हंड्यांत उकळत आहे, म्हणून तो बाहेर काढतांच धुण्याच्या दिवसाचा वास सुटतो. वर्गांत हा भाग आला कीं विद्यार्थी हसतात, क्वचित् नाक मुरडतात. ज्यांच्या आज्या पणज्या सोवळ्यांत पुरण शिजवीत त्यांनीं नाक मुरडावें यांत नवल नाहीं. पण एवढें मोठें भांडें त्या घरांत दुसरें नाहीं, हें ध्यानांत आलें कीं हसूं थांबतें. पुडिंग काढावयास बाई एकटीच उठून जाते. कोणी सोबत आलेलें, कोणी पाहत असलेलें तिला सोसवत नाहीं. कच्चें राहिलें असेल तर? उलटें करतांना फुटलें तर? मागच्या अंगणाची भिंत चढून येऊन कोणीं चोरून नेलें असेल तर? ही शेवटची शंका वेडी आहे, आणि म्हणूनच ती खरी वाटते. ज्या माणसाची वर्षाची इभ्रत एका फडक्यांत बांधलेली आहे त्याला अशाच शंका येतात. तें पुडिंग ब्रँडीच्या निळ्या ज्वाळेंत, माथ्यावर हॉलीची डहाळी खोंचून येतें तेव्हां तिचा चेहरा लाल झालेला असतो, पण ती हसत असते. लग्न झाल्यापासून बायकोनें मिळवलेलें हें सर्वांत मोठें यश, असा निर्वाळा नवरा देतो. मग मनावरचें ओझें उतरल्यावर ती कबूल करते कीं, पिठाच्या प्रमाणाबद्दल आपल्याला धाकधूक होती.

हें पिठाबद्दलचें बोलणें पुष्कळ टीकाकार नुसती गंमत म्हणून सोडून देतात. त्यांनीं त्या काळचें एखादें पाकशास्त्र उघडून पाहावें. एलायझा ॲक्टन या बाईचें 'मॉडर्न कुकरी' हें सुप्रसिद्ध पुस्तक १८४५ सालचें, म्हणजे डिकन्सच्या कथेनंतर दोनच वर्षांनीं आलेलें. त्यांत तिनें स्वतःचें म्हणून जें नाताळचें पुडिंग दिलें आहे त्यांत पीठ अवघें तीन औंस, पावाचा चुरा तेवढाच, आणि चरबी, मनुका व बेदाणे प्रत्येकीं सहा औंस. शिवाय साखर, सफरचंद, तीन अंडीं, ब्रँडी. उकळण्यास साडेतीन तास. म्हणजे चांगल्या पुडिंगांत पीठ हा केवळ बांधून ठेवणारा गडी. गरिबाच्या घरीं तोच यजमान होतो, कारण या सर्वांत पीठच स्वस्त. जितकें पीठ अधिक तितका गोळा मोठा आणि तितकाच तो जड व बेचव. आठ तोंडांस पुरेल एवढें मोठें आणि तरी सणाचें वाटेल एवढें गोड, या दोहोंमध्यें बाईला कोठेंतरी रेघ ओढावयाची होती. पगाराचा आंकडा डिकन्सनें पूर्वींच सांगितला होता. त्या आंकड्याचा अर्थ त्यानें येथें पिठांत मळून दाखवला. एवढ्या मोठ्या कुटुंबास पुडिंग लहान पडलें असें तेथें कोणी म्हणत नाहीं, मनांतहि आणीत नाहीं. आणि त्या न म्हणण्यांतच तें लहान होतें हें आपल्याला कळतें. मला हें स्थळ टिमच्या मृत्यूच्या स्थळापेक्षां श्रेष्ठ वाटतें. तेथें डिकन्स रडवतो. येथें तो हिशोब करतो.

ही दृष्टि त्याला कोठून आली असावी, याविषयीं तर्क करण्याचें कारण नाहीं. पण एक गोष्ट जातां जातां सांगितली पाहिजे. त्याची पत्नी कॅथरिन हिनें 'लेडी मारिया क्लटरबक' असें टोपणनांव घेऊन १८५१ सालीं एक लहानसें पुस्तक काढलें. आज जेवावयास काय करावयाचें, हाच त्याचा विषय. दोघांपासून अठरा जणांपर्यंतच्या जेवणांचे बेत त्यांत दिले आहेत. दहा मुलांची ती आई. १८५८ सालीं पतिपत्नी विभक्त झालीं. नवऱ्याच्या पुस्तकांतलीं जेवणें जगभर गाजलीं. बायकोचे बेत संशोधकांच्या कामाचे राहिले.

चुलीपाशीं बसून सणाचें जेवण लिहिणें किती दुर्मिळ आहे हें पाहावयाचें तर जेम्स जॉइसच्या 'डब्लिनर्स' या १९१४ सालच्या संग्रहांतील शेवटची कथा 'द डेड' वाचावी. दोन वृद्ध बहिणी, केट आणि ज्युलिया, व त्यांची भाची मेरी जेन यांच्या घरीं नाताळच्या दिवसांत दरवर्षीं नातेवाईक, जुने स्नेही आणि शिष्यमंडळी जमतात. टेबलाचें वर्णन विस्तृत आहे. एका टोकास खरपूस भाजलेला गूस, दुसऱ्या टोकास डुकराची भली मोठी मांडी, मध्यें जेली, बदाम, अंजिरें आणि बाटल्या, सगळें एखाद्या फौजेप्रमाणें रांगेंत मांडलेलें. भाचा गेब्रिएल कापावयास बसतो. म्हाताऱ्या बहिणी एकमेकींच्या पायांत येत टेबलाभोंवतीं फिरत राहतात, बसा म्हटलें तरी बसत नाहींत; शेवटीं एका पाहुण्यास केटमावशीला धरून खुर्चींत बसवावें लागतें. ज्युलियामावशीनें केलेल्या पुडिंगाची सर्वजण स्तुति करतात, आणि ती म्हणते कीं त्याला हवा तेवढा रंग आला नाहीं. क्रॅचिटबाईंच्या पिठाची ही सख्खी बहीण. स्वतःच्या हातच्या पदार्थांत उणें काढण्याची ही रीत पुण्यापासून डब्लिनपर्यंत एकच आहे. आधीं आपणच बोट ठेवलें म्हणजे दुसऱ्यास ठेवावयास जागा उरत नाहीं.

पण त्या घरांत लिली नांवाची एक मोलकरीण आहे. कथेच्या पहिल्याच वाक्यांत ती धांवून धांवून थकलेली आपल्याला भेटते. गरम बटाट्यांचें ताट घेऊन पाहुण्यापाहुण्यापाशीं तीच जाते. जेवण संपल्यावर गेब्रिएल आयरिश आतिथ्यावर सुंदर भाषण करतो आणि तिन्ही यजमानिणींना पुराणांतील देवतांची उपमा देतो. त्या भाषणांत लिलीचें नांव नाहीं. संध्याकाळच्या आरंभीं तिनें पुरुषांविषयीं एक कडवट उत्तर दिल्यावर त्यानें गोंधळून तिच्या हातांत एक नाणें कोंबलें होतें. त्याच्या लेखीं हिशोब तेथेंच मिटला. जॉइसनें हें न बोलतां दाखवलें आहे, आणि तें त्याचें सामर्थ्य. परंतु तोहि स्वयंपाकघराचें दार उघडीत नाहीं. लिलीला कशाची भीति वाटत होती तें आपल्याला कधींच कळत नाहीं.

डिकन्सनें दार उघडलें होतें. म्हणूनच पांचव्या प्रकरणांत तो तें लावून घेतो याचें वाईट वाटतें. स्क्रूज सुधारतो, नाताळच्या सकाळीं खिडकी उघडतो, आणि जवळच्या दुकानांतली बक्षीस मिळालेली प्रचंड टर्की विकत घेऊन, नांव न सांगतां, गाडींत घालून क्रॅचिटांकडे पाठवतो. ती टिमच्या दुप्पट मोठी आहे असा विनोदहि तो करतो. वाचक येथें टाळ्या वाजवतात. एका विद्यार्थिनीनें मला विचारलें, "पण सर, ती शिजली केव्हां?" प्रश्न अगदीं मुद्द्याचा आहे. सणाच्या दिवशीं दिवस वर आल्यावर एक अवाढव्य कच्चा पक्षी दारांत येतो. घरांत भट्टी नाहीं, पाववाल्याकडील जागा गूसनें अडवलेली, चुलीवर बटाटे, हंड्यांत पुडिंग. परोपकाराचें हें ओझें कोणाच्या डोक्यावर पडलें? आणि महिनोन् महिने पैसे बाजूला टाकून आणलेल्या त्या गूसचें काय झालें, ज्याच्या वासानें मुलें वेडीं झालीं होतीं? परीकथेस घड्याळ लावूं नये असें कोणी म्हणेल. पण ज्या लेखकानें आपल्याला पिठाची काळजी करावयास लावलें त्याला ही सवलत मागण्याचा अधिकार उरला नाहीं. दुसऱ्या दिवशीं बॉब साडेअठरा मिनिटें उशिरां कचेरींत येतो. त्याचा संबंध टर्कीशीं जोडावयाचा तर जोडावा. विशेष हें कीं, या प्रकरणांत क्रॅचिटबाई कोठेंच नाहीं. पूर्वीं स्क्रूजच्या नांवानें पेला उचलण्याची वेळ आली तेव्हां त्या घरांत फटकळपणें बोलणारी ती एकटीच होती. दाता सर्वांस भेटतो, तिला भेटत नाहीं.

डिकन्सच्या बाजूनें एवढें मात्र सांगावयास हवें कीं, त्याच दिवशीं दुपारीं स्क्रूज भाच्याच्या, फ्रेडच्या, घरीं जातो तेव्हां लेखकाला पुन्हां सगळें आठवतें. आत जावें कीं नाहीं म्हणून म्हातारा दारावरून अनेक फेऱ्या घालतो आणि शेवटीं धीर करून दार ठोठावतो. जेवणाच्या खोलींत तो हळूच डोकावतो तर भाचा आणि भाचेसून मांडलेल्या टेबलाकडे पाहत उभीं आहेत. नव्यानें संसार करणाऱ्यांना अशा बाबतींत नेहमींच धास्ती असते, असें डिकन्स तेथें सांगतो. मामेसासरे अचानक दारांत दिसतांच ती पोर दचकते. ती किती सहज दचकेल याचें भान म्हाताऱ्यास त्या घाईंत राहिलें नव्हतें. नाहींतर त्यानें असें केलें नसतें. यावेळीं त्याच्या हातांत टर्की नाहीं. आपण जेवावयास आलों आहों, एवढेंच तो सांगतो, आणि आत घ्याल का म्हणून विचारतो.