पाऊण तासाचा पंचम

उंच लाकडी पेटीतलं लंबकाचं घड्याळ, ज्याला इंग्रज ‘ग्रँडफादर’ म्हणतात, ते दर पाव तासाला जी धून वाजवतं ती ओळखीची असते. राजाबाई टॉवरखालून जाताना कानावर पडलेली, नाहीतर सिनेमातल्या एखाद्या हवेलीत. पण ती कान देऊन ऐकतो कोण? पेटी उघडून बिघडलेली धून दुरुस्त करायची वेळ आली, की मात्र ती बंदिशीसारखीच ऐकावी लागते.

स्वर चारच. सा, रे, ग आणि खालचा मंद्र पंचम. त्यांच्या पाच ओळी. पहिली ग रे सा प. दुसरी सा ग रे प. तिसरी सा रे ग सा. चौथी ग सा रे प. पाचवी प रे ग सा. मध्यम आणि निषाद दोन्ही नाहीत, त्यामुळे आपल्या कानाला भूपाचा भास होतो. धैवत तेवढा राहून गेलाय. संवादीच नाही तर कसला भूप, असं जाणकार म्हणतील, आणि ते खरंच आहे. तरी भास काही जात नाही.

आता मांडणी बघा. पावला फक्त पहिली ओळ. अर्ध्याला दुसरी आणि तिसरी. पाऊणला चौथी, पाचवी आणि पुन्हा पहिली. तास भरताना दुसरीपासून पाचवीपर्यंत चारही. म्हणजे तासाभरात दहा ओळी, पाचांचं चक्र बरोबर दोनदा. खुंट्या बसवलेलं एक छोटं पिंप तासाला दोन फेरे घेतं आणि सगळं जमून जातं. काटकसर अशी, की एक खुंटी जास्त नाही.

रस आहे तो शेवटच्या स्वरात. पाव आणि पाऊण, दोन्ही पंचमावर थांबतात. काहीतरी म्हणायचं राहिल्यासारखं वाटतं. अर्धा आणि पूर्ण तास षड्जावर येऊन टेकतात. पाऊणला तर गंमतच आहे. पाचवी ओळ षड्जावर पोचलेली असते, आता संपलं असं वाटतं, आणि पहिली ओळ पुन्हा उतरून पंचमावर नेऊन ठेवते. पुढची पंधरा मिनिटं तो पंचम घरात लटकत राहतो. १७९३ मध्ये केंब्रिजच्या ग्रेट सेंट मेरीज चर्चसाठी ही धून बांधली गेली आणि १८५९ पासून लंडनच्या वेस्टमिन्स्टरच्या मनोऱ्यावर वाजू लागली. नाव त्या मनोऱ्याचं पडलं, अक्कल केंब्रिजची.

दुरुस्तीत ही जाण कामी येते. सव्वाला उतरती ‘ग रे सा प’ आलीच पाहिजे. ती आली नाही तर चक्र सरकलंय. तासाचा शेवट षड्जावर झाला म्हणून खूश होऊ नये, कारण तिसरी ओळही तिथेच संपते आणि फसवते. विसाव्या शतकातल्या बऱ्याच यंत्रांत पाऊणनंतर चक्र आपोआप ठिकाणावर आणणारी खिटी असते. तिला दोन तास द्यावेत, मगच पेचकस हातात घ्यावा.

आवाज खरखरीत आला तर बहुधा हातोडीच्या तोंडचं चामडं वाळून टणक झालेलं असतं. बसका आला तर हातोडी, ज्या दांडीवर ती स्वर वाजवते, तिला टेकून राहिलेली असते. ती दोनेक मिलिमीटर लांब उभी राहावी, मारून लगेच मागे यावी. वाकवायची ती हातोडीची तार. स्वराची दांडी वाकवू नये; बुडाशी ती बारीक केलेली असते आणि तिथेच मोडते.

हे घड्याळ इथे जालन्यात असेल तर आणखी एक मजा आहे. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्याँ रिशे पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला लंबकाचं घड्याळ घेऊन गेला आणि ते रोज अडीच मिनिटं मागे पडू लागलं. विषुववृत्ताकडे येताना गुरुत्वाकर्षण किंचित कमी होतं, हे त्यातून कळलं. लंडनला बिनचूक लावलेलं घड्याळ जालन्यात याच कारणाने रोज सुमारे दोन मिनिटं मागे पडेल. सेकंदाला एक ठोका देणारा लंबक तिथे ९९४ मिलिमीटरचा, इथे ९९१ पुरतो. खालची चकती फिरवून गोळा तेवढा वर घ्यायचा. उन्हाळ्याचा हिशोब वेगळा. खोली १० अंशांनी तापली, की लोखंडी दांडी लांबते आणि दिवसाला पाचेक सेकंद जातात. लाकडी दांडीत त्याहून बरेच कमी.

पेटीचं लाकूडही या गाण्यात सामील असतं. दांड्यांचा ठोकळा मागच्या फळीवर कसलेला असतो. स्क्रू ढिले झाले की आवाज पोकळ होतो. जालन्याच्या कोरड्या मे महिन्यात वरचा लाकडाचा पातळ थर कडेला सुटतो. जुन्या पेट्या सरसाने चिकटवलेल्या असतात आणि सरस ऊब व ओल मिळाली की पुन्हा धरतो. ओलं फडकं आणि कोमट इस्त्री पुष्कळदा पुरते. एकोणिसाव्या शतकातल्या पेटीवरची चकाकी बहुतेक वेळा लाखेची असते. लाख येते पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवरच्या किड्यांपासून, आणि ती तेव्हाही हिंदुस्थानातूनच जायची. विलायती पेटीवरचं पॉलिश असं मूळचं इकडचं आहे. पाठीमागे, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा थेंब टाकून बघा. चिकट झालं तर लाख. मग पावसाळ्यात उठलेले पांढुरके डाग स्पिरिटमध्ये जेमतेम भिजवलेला कापसाचा बोळा सुती कापडात गुंडाळून, न थांबता फिरवला, की बहुधा जातात.

घासायचं यंत्र मात्र पेटीच्या जवळ आणू देऊ नका. वरचा लाकडाचा थर जेमतेम मिलिमीटरभर असतो आणि एकदा पार झाला की परत येत नाही. पॉलिशवाला ‘नव्यासारखं करून देतो’ म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि काम दुसऱ्याला द्या.