आमवाताच्या रुग्णांच्या रक्तातील सायटोकाइन : मापनाचे मूल्य आणि मर्यादा

प्रस्तावना :
आमवात म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. या विकारात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर आघात करते. या यंत्रणेतील पेशी ज्या प्रथिनांद्वारे परस्परांना संदेश देतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. रुग्ण व निरोगी व्यक्ती यांच्या रक्तातील टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-६ यांच्या पातळीची तुलना करणारे शोधनिबंध विपुल आहेत. त्यांच्या पद्धतीचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
लंडन येथील रवींदर मैनी व मार्क फेल्डमन यांच्या संशोधनातून टीएनएफ-विरोधी उपचार पुढे आले. परंतु त्यांच्या विचाराचा आधार रक्तातील पातळी हा नव्हता. सांध्याच्या अस्तरातील पेशींचे संवर्धन हा होता. रक्तात आढळते ती सांध्यातील घडामोडींची केवळ अंधुक छाया होय.

ही छाया मोजतानाही दोष संभवतात. इंटरल्यूकिन-६ पहाटे वाढते. म्हणून रक्त घेण्याची वेळ नोंदविणे अगत्याचे ठरते. स्टेरॉइडने पातळी खालावते. रक्तद्रव वेगळा करण्यास विलंब झाल्यास आकडे बदलतात. सर्वांत गंभीर बाब अशी की, रुग्णाच्या रक्तातील ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर एलायझा चाचणीतील प्रतिपिंडांना परस्परांशी जोडून खोटी वाढ दाखवू शकतो. म्हणजे चुकीचा कल संशोधकाच्या गृहीतकाकडेच झुकतो.

तुलनेसाठी निरोगी व्यक्ती निवडणेही अपुरे आहे. डॉ. अरविंद चोपडा यांच्या नेतृत्वाखाली १९९६ मध्ये भिगवण (जि. पुणे) येथे झालेल्या घरोघरच्या पाहणीत प्रौढांमधील आमवाताचे प्रमाण सुमारे ०.५ टक्के आढळले. सांधेदुखीच्या तक्रारी मात्र त्याहून कितीतरी अधिक होत्या. आंजी (मोठी) येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात सांधे धरून येणाऱ्या शेतमजूर स्त्रीबाबत खरा प्रश्न 'आजारी की निरोगी' हा नसतो. हा आमवात आहे, झीज आहे, की चिकुनगुन्यानंतरचे दुखणे, हा असतो. त्याचे उत्तर वेळीच मिळाले तर मेथोट्रेक्सेट लवकर सुरू होऊन बोटे वाकडी होण्याचे टळू शकते.

निष्कर्ष :
इंटरल्यूकिन-६ च्या प्रेरणेने यकृतात तयार होणारे सीआरपी अल्प खर्चात मोजता येते. त्याहून अधिक काही कळते हे सिद्ध केल्याशिवाय सायटोकाइन-मापनाला निदानाचे साधन म्हणता येणार नाही. सांख्यिकीय सार्थता म्हणजे रुग्णोपयोगिता नव्हे, याचे भान संशोधकांनी ठेवणे आवश्यक आहे.