धुराशिवायचं स्वप्न

हल्लीच्या लघुपटांत स्वप्न सुरू होण्याआधी धूर येतो. मग कडा पुसट होतात, चाल संथ होते, निळसर रंग चढतो, आवाज घुमू लागतो. आमच्या भिलाई-दुर्गच्या पोरांनी मोबाइलवर केलेलं काम पाहा, नाहीतर पुण्या-मुंबईच्या स्पर्धांतलं. साचा बहुधा हाच. मला तो मुळातच चुकीचा वाटतो. झोपेत आपल्याला धुरकट दिसत नाही. जे दिसतं ते लख्ख आणि ओळखीचं असतं, फक्त त्याची जुळणी बिघडलेली असते. ‘स्पेलबाउंड’साठी (1945) हिचकॉकला साल्वादोर दाली हवा होता तो त्याच्या चित्रांतल्या रेखीव कडांसाठी आणि लांब सावल्यांसाठी.

स्वप्नातल्या धुराची, ढगांची आपली ओढ ‘आवारा’पासूनची (1951). त्यातल्या स्वप्नदृश्यामागे कला दिग्दर्शक म्हणून मुरलीधर रामचंद्र आचरेकर हे मराठी चित्रकार होते. त्यांच्या धुराखाली भक्कम रचना आहे: जिने, प्रचंड मूर्ती, नरकातून स्वर्गाकडे जाण्याची सरळ वाट. शिवाय नायकाची कोंडी तोवर आपल्या मनात मुरलेली असते. बारा-पंधरा मिनिटांच्या लघुपटाला एवढी उसंत नसते, त्यामुळे आचरेकरांचा धूर तेवढा उचलला जातो आणि खालची रचना मागेच राहते.

लघुपटकारांनी खरं तर प्रायोगिक चित्रपटकार माया डेरेनकडे जावं. 1943 साली तिनं नवरा अलेक्झांडर हामिद याच्यासोबत लॉस एंजेलिसमधल्या स्वतःच्या घरात, 16 मि.मी. कॅमेऱ्यावर ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ केला. त्यात हातात सुरी घेऊन ती चालते: एक पाऊल वाळूवर, पुढचं गवतावर, मग फरशीवर, मग घरातल्या गालिच्यावर. जागा बदलते, पण पावलाची लय तुटत नाही. आपला डोळा हालचालीमागे जातो आणि अशक्य प्रवास निमूट मान्य करतो. खर्च जवळपास शून्य. नियोजन मात्र काटेकोर.

आणि यासाठी भिलाईइतकं सोयीचं गाव कुठलं? पोलाद कारखान्याबरोबर वसलेली टाउनशिप, एकामागून एक सेक्टर, एकसारख्या क्वार्टरांच्या रांगा. सेक्टर 2 मधल्या दारातून निघालेली बाई सेक्टर 7 मधल्या तशाच दारातून आत शिरली आणि आतलं घर परक्याचं निघालं, तर पुरे. भिंग तेच, कॅमेऱ्याची उंची तीच, उन्हाची वेळ तीच ठेवायची आणि पाऊल हवेत असताना कापायचं. जवळच्याच गनियारीच्या तीजनबाईंची पंडवानी (महाभारतकथेचं गायन) ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, आणि तो तंबुराच आहे हे आपण विसरलेलोही नसतो. स्वप्नातल्या वस्तूंनी असंच वागायला हवं. इथल्या लघुपटांत मला हे जवळपास दिसत नाही, याची खंत वाटते.

मराठीत दिग्दर्शक उमेश कुलकर्णींना ही नस सापडली आहे. ‘देऊळ’मध्ये (2011) गाय शोधून दमलेल्या केश्याला झाडाखाली डुलकी लागते आणि दत्त दिसतात. भर दिवसा, उघड्या माळावर! पुढे अख्खं गाव त्या दर्शनाच्या मागे लागतं, आणि ते पटतं. त्यांच्या ‘गिरणी’त (2004) स्वप्नापेक्षा आवाज मोठा: घरात आलेल्या गिरणीची घरघर मुलाच्या डोक्यात शिरते. ध्वनीची ही बाजू आज सर्वांत दुर्लक्षित आहे. स्वप्नाखाली सिंथेसायझरचा सूर पसरण्याऐवजी शेजारच्या कुकरची शिट्टी चुकीच्या जागी वाजू द्यावी, किंवा पंख्याचा आवाज एकदम काढून घ्यावा. अमित दत्तांच्या ‘क्रमशः’त (2007) तर स्वप्न, आठवण आणि दंतकथा यांच्यात कुंपणच नाही. त्यातल्या सविता सिंग यांच्या छायाचित्रणाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

राहिलं जागं होणं. घामेजलेला चेहरा, दचकून उठणं, पाण्याचा ग्लास: ही तिन्ही आता बंद व्हावीत. पात्राला झोप कधी लागली ते प्रेक्षकाला कळू दिलं नाही, तर जाग कधी आली हेही सांगायचं कारण नाही. सरळ पुढच्या कामाच्या दृश्यावर कापावं.