‘सनिधि’ पदाचा अर्थ व भूमि खोदण्याचा अधिकार

वाकाटकांच्या ताम्रपटांत ग्रामदानाबरोबर जे परिहार दिलेले असतात त्यांत ‘सनिधि’ व ‘सोपनिधि’ हीं पदें वारंवार येतात. त्यांवरून ‘ज्याची भूमि त्याचा निधि’ हाच आपला प्राचीन न्याय होता, असें प्रतिपादन संग्राहकांच्या बोलण्यांत पुष्कळदां ऐकूं येतें. तें ऐकावयास गोड आहे. परंतु पदांवरून निघत नाहीं.

दुसऱ्या प्रवरसेनाचा राज्यवर्ष १८ चा चम्मक ताम्रपट पाहावा. चर्मांक ग्राम १००० ब्राह्मणांस देतांना तो निधीचा उल्लेख स्वतंत्रपणें करितो. भूमीबरोबर निधि आपोआप जात असता तर हें पद वेगळें कोरण्याचें प्रयोजन काय? राजा जी वस्तु नांव घेऊन देतो, ती दानापूर्वीं तो स्वतःची समजत होता, हें उघड आहे. शिवाय याच लेखांत अटी आहेत. प्रतिग्रहीत्यांनीं राज्याशीं द्रोह करूं नये, चोरी करूं नये, दुसऱ्या गांवांस अपाय करूं नये. केल्यास राजानें भूमि परत घेतली तरी ती चोरी नव्हे. ‘उपनिधि’ हें पद तर अधिकच जपून वाचावयास हवें. याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायांत उपनिधि म्हणजे पेटींत बंद करून दुसऱ्याच्या हवालीं केलेली ठेव. तिचा धनी हयात असतां राजा ती तिसऱ्यास कशी देईल? बेवारस झालेली ठेव, एवढाच अर्थ माझ्या मतें येथें संभवतो.

स्मृतींचाही आधार या प्रतिपादनास मिळत नाहीं. मनु जुन्या निधीचा अर्धा भाग राजास देतो आणि कारण सांगतो कीं, राजा रक्षण करितो व भूमीचा अधिपति आहे. विद्वान् ब्राह्मणास सर्व निधि ठेवण्याची मुभा आहे. इतरांविषयीं याज्ञवल्क्यानें षष्ठांश सांगितला आहे, आणि खरी मौज येथेंच आहे. शब्द सरळ घेतले तर राजानें सहावा भाग घ्यावा. विज्ञानेश्वर मिताक्षरेंत नेमकें उलट लावितो : सहावा भाग सांपडणाऱ्यास, बाकी सर्व राजास. कल्याणीस चालुक्यांच्या आश्रयानें लिहिणाऱ्या पंडितास हाच अर्थ सुचावा यांत नवल नाहीं; तथापि वसिष्ठ व कौटिल्य यांचा मेळ त्याच्याशींच बसतो, हेंही मान्य केलें पाहिजे. अर्थ कोणताही घ्या. केवळ शेत आपलें म्हणून शेतकऱ्यास हिस्सा या वचनांत नाहीं.

तो हिस्सा आला १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यानें. दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधि सांपडल्यास कलेक्टरास लेखी कळवावें. न कळविल्यास एक वर्षापर्यंत कैद. निधि बेवारस ठरल्यावर सांपडणारा व जागेचा मालक यांत ठराव नसेल तर पहिल्यास तीन चतुर्थांश व दुसऱ्यास एक चतुर्थांश. हें न्याय्य आहे. दोष दुसरीकडे आहे. सरकारनें निधि घ्यावयाचा तर धातूची किंमत व तिचा पंचमांश दिला कीं झालें! वऱ्हाडांत तऱ्हाळे येथें १९३९ सालीं सुमारें १६०० सातवाहन नाणीं निघालीं. तीं पोटिनचीं, तराजूंत त्यांचें मोल तें काय? परंतु पुराणांस ठाऊक नसलेलीं कुंभ, कर्ण व शक सातकर्णि हीं नांवें त्यांनींच दिलीं. जो कायदा असें द्रव्य धातूच्या भावानें मोजतो, त्याला शेतकरी भितो व सोनाराकडे जातो.

आणखी एक गैरसमज. हा कायदा निधि सांपडल्यानंतरचा आहे. खोदण्याची परवानगी तो देत नाहीं. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याप्रमाणें संरक्षित क्षेत्राबाहेरही उत्खनन करण्यास वा करूं देण्यास राज्य सरकारला केंद्र सरकारची पूर्वसंमति लागते. मग शेतमालकाच्या तोंडी होकारास काय अर्थ? पायाळू माणूस गांठून, त्याच्या डोळ्यांत अंजन घालून धनाचा हंडा शोधणाऱ्यांविषयीं येथें लिहिण्याची इच्छा नाहीं. गुप्तधनाकरितां अघोरी कृत्यें करणारांचा समाचार २०१३ चा कायदा घेतो.

आमची सडक अर्जुनी वाकाटकांच्या मुलखांत आहे. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यांत तिरोडीचा ताम्रपट मिळाला. अशा मुलखांत नांगराच्या फाळाला काय लागेल याचा नेम नाहीं, आणि लागलेलें कोणाच्या हातीं जाईल याचाही नाहीं. प्रभावतीगुप्तेचा दंगुण ग्रामाचा ताम्रपट पुण्यास एका तांबटाकडे आढळला. प्रा. मिराशी यांनीं दंगुण म्हणजे हिंगणघाट असें ठरविलें, तें पत्र्यावरील अक्षरांच्या बळावर. नाण्यावर वा भग्न मूर्तीवर गांवाचें नांव कोरलेलें नसतें. म्हणून संग्राहकांस माझें सांगणें आहे कीं, वस्तूचा भाव विचारण्यापूर्वीं गांव, शेताचा गट क्रमांक, सोबत काय निघालें आणि कलेक्टरास कळविलें कीं नाहीं हें विचारावें, व उत्तर टाळलें गेल्यास ती वस्तु घेऊं नये.