छांदिष्टाची खोली

शास्त्रीय विषयावरील पुस्तक परीक्षणासाठीं हातीं आलें म्हणजे आपल्याकडील टीकाकार बहुधा दोनच प्रश्न विचारतात: यांतील माहिती बिनचूक आहे काय, आणि ती सामान्य वाचकास समजेल अशा भाषेंत सांगितली आहे काय? पाठ्यपुस्तकाच्या बाबतींत हे प्रश्न पुरेसे आहेत. परंतु शास्त्राचा नाद लागलेल्या मनुष्याचें रोजचें जीवन, त्याचीं उपकरणें, त्याचे फसलेले प्रयोग आणि त्यापायीं घरच्या माणसांशीं उडणारे खटके हा ज्या पुस्तकांचा विषय आहे, त्यांस हे प्रश्न विचारून फारसें कांहीं हातीं लागत नाहीं. एखाद्या वस्तूचा ध्यास घेतलेलें मन आंतून कसें असतें, हें पाहण्यासाठीं आपण त्या पुस्तकांकडे वळतों. कादंबरीकडे ज्या अपेक्षेनें वळतों, जवळजवळ त्याच अपेक्षेनें. तेव्हां त्यांची परीक्षाहि वाङ्मयाच्या कसोटीनेंच व्हावयास हवी, असें आम्हांस वाटतें.

मराठींत अशा मनुष्यास छांदिष्ट म्हणतात. या शब्दांत थोडें कौतुक आहे आणि पुष्कळशी उपेक्षा आहे. ज्याच्या उद्योगापासून घरास चार पैसे मिळत नाहींत, पण सतरंजीवर तेल सांडतें, तारा जळतात आणि जेवणाची वेळ टळते, तो छांदिष्ट. अशा दोन छांदिष्टांचीं बालपणें प्रस्तुत लेखांत आम्ही शेजारीं शेजारीं ठेवून पाहणार आहों. पहिलें अमेरिकन पदार्थविज्ञानवेत्ते रिचर्ड फाइनमन यांच्या 'शुअरली यू आर जोकिंग, मिस्टर फाइनमन!' या १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांतील. दुसरें मज्जातंतूंच्या विकारांचे वैद्य व निबंधकार ऑलिव्हर सॅक्स यांच्या 'अंकल टंग्स्टन' या २००१ सालच्या आत्मकथनांतील.

फाइनमन (१९१८–१९८८) यांस पुढें १९६५ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु पुस्तकाचा आरंभ न्यूयॉर्कच्या फार रॉकवे भागांतील एका घरांत होतो. अकरा-बारा वर्षांच्या मुलानें एका लांकडी खोक्यास फळ्या ठोकून आपली प्रयोगशाळा थाटली आहे. तींत एक शेगडी आहे, व तिच्यावर शास्त्राइतकेच बटाटेहि तळले जातात. विजेची बॅटरी आहे, दिव्यांची माळ आहे, ठिणग्या पाडणारें वेटोळें आहे. रात्रीं अंथरुणांत पडून स्वतः जोडलेल्या स्फटिकाच्या रेडिओवर, कानाला नळ्या लावून, दूरचीं स्टेशनें ऐकण्याचा परिपाठ आहे. पुढें आर्थिक मंदीच्या दिवसांत हाच मुलगा लोकांचे बिघडलेले रेडिओ दुरुस्त करूं लागतो. एका गृहस्थाचा रेडिओ सुरू करतांच प्रथम भयंकर आवाज करी आणि मग ठीक चाले. मुलगा पेटी उघडावयाची सोडून खोलींत येरझारा घालूं लागला. गृहस्थानें वैतागून विचारलें, हें काय चाललें आहे? मुलानें सांगितलें, विचार करतों आहें. त्या काळचे रेडिओ निर्वात नळ्यांवर चालत आणि नळ्या तापेपर्यंत कामास लागत नसत; तेव्हां या नळ्या भलत्या क्रमानें तापत असाव्यात, हें त्यानें ताडलें, दोन नळ्यांची अदलाबदल केली, आणि आवाज थांबला. ज्या गृहस्थानें शंका घेतली होती तोच मग या मुलाची कीर्ति गांवभर सांगूं लागला.

ही गोष्ट साधी आहे. पण तिच्यांत एका वृत्तीचें संपूर्ण चित्र आहे. बिघडलेल्या वस्तूस हात लावण्यापूर्वीं तिच्या आंत काय घडत असेल याची कल्पना डोळ्यांपुढें उभी करणें, हें या वृत्तीचें मर्म. फाइनमन तें मर्म एकाहि तात्त्विक वाक्यावांचून सांगतात. याचें एक कारण असें कीं, हें पुस्तक लिहिलेलें नसून सांगितलेलें आहे. राल्फ लेटन या ढोल वाजविण्याच्या जोडीदारापाशीं केलेल्या गप्पांतून तें तयार झालें. त्यामुळें विशेषणांचा सोस नाहीं, वस्तू जशीच्या तशी पुढें येते, आणि वाक्य बोलण्याच्या गतीनें धांवतें.

परंतु गप्पांचे दोषहि त्यांत उतरले आहेत. ऐकणारा हंसला पाहिजे, या हव्यासामुळें बहुतेक प्रत्येक गोष्टीच्या शेवटीं सांगणाराच जिंकतो आणि समोरचा फजीत होतो. अशा वीस-पंचवीस गोष्टी ओळीनें वाचल्यावर वाचकास थोडासा वीट येतो. छंदाचें खरें आयुष्य विजयांचें नसतें. दहा वेळां जोडलेली तार दहाहि वेळां मुकी राहते, आणि अकराव्या वेळीं ती कां बोलली हें पुष्कळदां कळतच नाहीं. त्या मुक्या दहा वेळांस या पुस्तकांत फार थोडी जागा आहे.

सॅक्स (१९३३–२०१५) यांचें पुस्तक वळणानें अगदीं वेगळें आहे. लंडनांतील सुखवस्तु ज्यू कुटुंब. आई-वडील दोघेहि डॉक्टर. मामा-मावश्यांचा मोठा गोतावळा. त्यांपैकीं डेव्ह मामा टंग्स्टनच्या तारेचे दिवे तयार करण्याचा कारखाना चालवीत. धातूच्या भुकटीनें त्यांचे हात काळवंडलेले असत, आणि म्हणूनच भाच्यानें त्यांस टंग्स्टन मामा हें नांव दिलें. टंग्स्टनचा लहानसा तुकडा हातीं घेतला तरी त्याच्या जडपणानें मनुष्य चकित होतो. हा जडपणा मुलाच्या तळहातावर ठेवणें, एवढेंच या मामानें केलेलें शिक्षण. आईनेंहि कथिलाची कांडी वांकवून तिचें 'रडणें' मुलास ऐकविलें होतें. अशा घरांत मुलाच्या वाट्यास मागील बाजूची, पूर्वीं कपडे धुण्याची असलेली खोली आली. तिच्यांतून विषारी धूर निघूं लागला तेव्हां आईबापांनीं खोली काढून घेतली नाहीं. धूर बाहेर नेणारें कपाट तेवढें बसवून घ्यावयास लावलें. संबंध पुस्तकांत पालकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी याहून मोलाची गोष्ट आम्हांस दिसली नाहीं.

मात्र या खोलीस एक काळी बाजू आहे, आणि पुस्तकाचें मोठेपण तिच्यांत आहे. १९३९ सालीं युद्ध सुरू होतांच सहा वर्षांच्या ऑलिव्हरला भावासह लंडनबाहेरच्या एका वसतिशाळेंत पाठविण्यांत आलें. तेथील मार, उपासमार आणि घरच्यांनीं आपणांस टाकलें ही भावना घेऊन तो १९४३ सालीं परत आला. पुढें त्याच भावाचें मन ढासळूं लागलें. घरांत वेडाची सावली पडली असतांना धाकटा मुलगा आपल्या बाटल्यांमध्यें जाऊन बसूं लागला, कारण तेथें त्याच कारणापासून तेंच कार्य घडे. युद्धानंतर साउथ केन्सिंग्टनच्या विज्ञानसंग्रहालयांत त्यानें मूलद्रव्यांची आवर्तसारणी भिंतीवर मांडलेली पाहिली, त्या प्रसंगाचें वर्णन हें पुस्तकाचें शिखर आहे. मेंडेलेव्हनें १८६९ सालीं ही सारणी मांडतांना न सांपडलेल्या द्रव्यांसाठीं रिकाम्या जागा सोडल्या होत्या, आणि पुढें तीं द्रव्यें खरोखरच सांपडलीं. ज्या मुलाचें जग युद्धानें व आजारानें विस्कटलें, त्यास सृष्टीच्या मुळाशीं अशी व्यवस्था आहे हें कळणें म्हणजे केवढा दिलासा! येथें रसायनशास्त्राची माहिती आणि एका बालकाचें दुःख हीं एकमेकांपासून वेगळीं काढतांच येत नाहींत. वाङ्मय म्हणतात तें हेंच.

दोष याहि पुस्तकांत आहे. डाल्टन, डेव्ही, लव्हॉझिए यांच्या चरित्रांवर आणि रसायनशास्त्राच्या इतिहासावर येथें प्रकरणेंच्या प्रकरणें खर्चिलीं आहेत. त्या ठिकाणीं साठी उलटलेला विद्वान पुढें येतो व मुलास कोपऱ्यांत ढकलतो. आपणांस जें कुतूहल मुलाच्या डोळ्यांतून पाहावयाचें होतें तें ग्रंथालयांतून पाहावें लागतें. तरीहि शेवट लेखकानें प्रामाणिकपणें केला आहे. चौदा-पंधराव्या वर्षीं ही ओढ हळूहळू ओसरली. मुलगा घरच्या रीतीप्रमाणें वैद्यकाकडे वळला. छंदाचा परिणाम नोबेल पारितोषिकांत झाला नाहीं, आणि तरीहि तो व्यर्थ गेला असें एकाहि वाचकास वाटत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, मग फाइनमन उथळ आणि सॅक्स खोल, असा निवाडा करून मोकळे व्हा. आम्हांस तो घाईचा वाटतो, आणि त्याचें कारण एक घड्याळ आहे. फाइनमन यांची पहिली पत्नी आर्लीन १९४५ सालीं अल्बुकर्क येथें क्षयानें वारली. आठवणींच्या १९८८ सालच्या दुसऱ्या पुस्तकांत ते सांगतात कीं, तिला दिलेलें एक घड्याळ तिच्या मृत्यूच्या क्षणींच बंद पडलेलें आढळलें. दुसरा कोणीहि मनुष्य येथें थांबला असता. दैवी संकेत मानून डोळे मिटले असते. फाइनमन यांस आठवलें तें हें कीं, घड्याळ नाजूक होतें, आपण तें कितीदां तरी दुरुस्त केलें होतें, आणि मृत्यूची वेळ टिपून घेण्यासाठीं परिचारिकेनें अंधुक उजेडांत तें उचलून पाहिलें असावें. येरझारा घालून रेडिओचा विचार करणारा मुलगाच येथें मृत्यूच्या खोलींत उभा आहे. कोणास हें काळीज कठोर वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. दुःखाच्या ऐन भरांतहि आपल्यास सोयीची असत्य गोष्ट स्वीकारावयाची नाहीं, हें व्रत सोपें नाहीं; आणि तें त्या लांकडी खोक्यांतील प्रयोगशाळेंत अंगीं बाणलें होतें. त्या गोष्टीच्या शेवटीं कोणी जिंकत नाहीं, म्हणूनच ती त्यांच्या सर्व गोष्टींत श्रेष्ठ आहे.

त्याच घरांत आणखी एक छांदिष्ट होती. फाइनमन यांची धाकटी बहीण जोन (१९२७–२०२०) ही भावाच्या प्रयोगशाळेंत थोड्याशा पैशांवर मदतनीस होती. एका रात्रीं भावानें तिला झोपेंतून उठवून आकाशांतील ध्रुवप्रकाश दाखविला. स्त्रियांच्या मेंदूस शास्त्र झेपत नाहीं असें आईनें मात्र तिला सांगितलें होतें. पुढें तिनें ध्रुवप्रकाशाच्याच अभ्यासांत नांव मिळविलें. भावाच्या गाजलेल्या पुस्तकांत तिला फारशी जागा नाहीं. छांदिष्टांच्या वाङ्मयांतील हें मोठें न्यून आहे: खोली कोणास मिळाली हें आपणांस कळतें, ती कोणास नाकारली गेली हें कळत नाहीं.

आतां थोडें आपल्या घराकडे पाहूं. जयंत नारळीकर यांच्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रास २०१४ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. बनारसच्या घरांतील फळ्यावर मामा मोरेश्वर हुजूरबाजार भाच्यासाठीं गणिताचें कोडें लिहून ठेवीत, ही नारळीकरांची आठवण मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. सॅक्स यांचाहि मामा, आणि नारळीकरांचाहि मामाच! फरक एवढाच कीं एकानें हातावर धातु ठेवला, दुसऱ्यानें भिंतीवर प्रश्न ठेवला. फळ्याची ही परंपरा थोर आहे, आणि तिनें आपणांस उत्तम गणिती दिले. परंतु हत्याराची परंपरा आपल्या वाङ्मयांत फार क्षीण आहे. मुंबईंत जन्मलेले शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांनीं छपाईचे खिळे पाडणारीं यंत्रें तयार केलीं. त्यांचें नांव आपण 'भारताचे एडिसन' म्हणून घेतों, पण तें यंत्र जमत नसतां त्यांच्या घरांत काय घडत होतें, याचें चित्र आपल्या डोळ्यांपुढें नाहीं. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या १९४४ पासून चालत आलेल्या संस्थेंत आकाशदर्शनाच्या नादानें रात्री जागविणारीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या येत आलीं आहेत. त्या जागरणांचें वाङ्मय मात्र आम्हांस हवें तेवढें झालेलें नाहीं.

याचें कारण लेखकांची उदासीनता एवढेंच नसावें. मध्यम वर्गांतील घरांत छंदास परवानगी मिळते ती बहुधा गुणपत्रिकेच्या अटीवर. घड्याळ उघडलें तर तें पुन्हां जुळलेंच पाहिजे, आणि जुळलें तर त्याचा परीक्षेस उपयोग काय, हा प्रश्न ठरलेला. त्यांत आजचीं यंत्रेंहि अशीं कीं त्यांचें पोट दिसत नाहीं. फाइनमन यांच्या रेडिओंतील नळी डोळ्यांना दिसे व हातानें उपटतां येई; आजचा मोबाइल डिंकानें बंद केलेला असतो. त्यामुळें छंद म्हणजे नवें यंत्र विकत घेणें आणि त्याची शेजाऱ्याच्या यंत्राशीं तुलना करणें, असा समज रूढ होऊं लागला आहे. निरुपाय आहे असें मात्र नव्हे. २००५ पासून मिळूं लागलेल्या आर्डुइनोसारख्या लहान पाट्या मुलांच्या हातांत आल्या म्हणजे तींहि तारा जाळतात, आणि त्यांचेहि बटाटे करपतात. खोली आणि थोडी क्षमा एवढेंच घरानें द्यावयाचें आहे.

तेव्हां आमचा अभिप्राय असा: घरांत बारा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असेल तर प्रथम फाइनमन द्यावेत, आणि ते वाचून झाल्यावर जोनची हकीकत तोंडीं सांगावी. आईबापांनीं स्वतः सॅक्स वाचावेत. आणि ज्याच्या टेबलावर आज अर्धवट उघडलेलें यंत्र पडून आहे अशा मराठी लेखकानें या दोघांस न भितां आपलें पुस्तक लिहावयास घ्यावें. मात्र त्यांत जमलेल्या प्रयोगांबरोबर फसलेलेहि नोंदावेत, आणि दिवा लावून, ताट झांकून वाट पाहत बसलेल्या माणसांस वगळूं नये.