रोमन वाङ्मयांतील ग्लॅडिएटर

ग्लॅडिएटर हा शब्द उच्चारतांच वाचकाच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें, तें बहुधा जेरोम ह्या फ्रेंच चित्रकारानें १८७२ सालीं रंगविलेलें असतें. विजयी योद्ध्याचा पाय पडलेल्याच्या गळ्यावर आहे आणि वर बसलेल्या शुभ्रवस्त्रा पुजारिणी अंगठे खालीं करून त्याचा प्राण मागत आहेत. २००० सालीं निघालेल्या ‘ग्लॅडिएटर’ ह्या बोलपटाचा उगमहि ह्याच चित्रांत आहे. वस्तुतः अंगठा वळविला जाई एवढेंच लॅटिन लेखक सांगतात. तो खालीं वळे कीं वर, हें त्यांनीं लिहून ठेविलेलें नाहीं. मरणापूर्वीं बादशहाला केलेल्या त्या सुप्रसिद्ध प्रणामाचीहि तीच कथा. सुएटोनिअसच्या ग्रंथांत तो एका प्रसंगीं येतो. इ. स. ५२ मध्यें क्लॉडिअसनें फुसिनस सरोवरावर लटकें नाविक युद्ध करविलें, त्या वेळीं तो प्रणाम केला तो देहान्त शिक्षा झालेल्या कैद्यांनीं. नेहमींच्या आखाड्यांत तो होत असे, ह्यास आधार नाहीं.

परंतु इतिहासांतील अशा चुका वेंचीत बसणें हा आमचा हेतु नाहीं. आम्हांस पहावयाचें आहे तें हें कीं, ज्या माणसाला रोमन समाजानें साडेसहाशे वर्षें डोळे भरून पाहिलें, त्याला रोमन वाङ्मयानें कितपत पाहिलें. आमच्या मतें फारच थोडें. ज्या थोर लेखकांच्या नांवांवर हें ज्ञान आपल्यापर्यंत आलें, ते सारे प्रेक्षकांच्या बाकांवर बसून लिहिणारे होते. आखाड्यांतील वाळूवरून आलेला आवाज ऐकावयाचा असेल, तर त्यांचीं पुस्तकें मिटून थडग्यांवरचे दगड वाचले पाहिजेत.

आधीं ह्या माणसाचा समाजांतील दर्जा काय होता तें सांगितलें पाहिजे. इ. स. पू. २६४ मध्यें जुनिअस ब्रूटस पेरा ह्याच्या मुलांनीं बापाच्या मरणानिमित्त रोमच्या गुरांच्या बाजारांत तीन जोड्या लढविल्या; तोच ह्या खेळांचा रोममधील पहिला उल्लेख. मृताचें ऋण फेडण्याचा हा विधि पुढें निवडणुकी जिंकण्याचें आणि बादशहाचें औदार्य मिरविण्याचें साधन झाला. लढणारे कोण? युद्धकैदी, विकत घेतलेले गुलाम, शिक्षा झालेले गुन्हेगार. आणि ह्यांच्या जोडीला आपण होऊन शपथ घेऊन तालमीच्या मालकाशीं करार करणारे स्वतंत्र नागरिकहि. ह्या शेवटच्यांचें काय होई? कायद्यानें ते नट, वेश्या आणि कुंटण ह्यांच्या पंगतीला बसत. त्यांच्या नागरिकत्वाला कायमचा कलंक लागे आणि गांवच्या सभेंत त्यांना जागा नसे. तरीहि ओढ इतकी जबर होती कीं, इ. स. १९ मध्यें सीनेटला आपल्याच वर्गाच्या पोरांनीं आखाड्यांत उतरूं नये असा ठराव करावा लागला.

ह्या दर्जाचा अर्थ ज्यांस थोडक्यांत समजून घ्यावयाचा आहे, त्यांनीं दुसऱ्या शतकांतील गायस ह्या कायदेपंडिताचें पाठ्यपुस्तक उघडावें. गायस विद्यार्थ्यांपुढें एक प्रश्न ठेवतो. समजा, मीं तुम्हांला ग्लॅडिएटर दिले ते ह्या अटीवर कीं, जो धडधाकट परत येईल त्याच्या घामाबद्दल २० डिनेरियस द्यावे, आणि जो मरेल किंवा पंगु होईल त्याच्याबद्दल १,००० द्यावे. तर हा व्यवहार भाड्याचा कीं विक्रीचा? उत्तर असें कीं, जो परतला तो भाड्यानें दिला होता आणि जो मेला तो विकला होता. कोणता व्यवहार झाला हें खेळ संपल्यावरच ठरतें. गायसच्या लेखणींत येथें क्रौर्य मुळींच नाहीं. तो चांगला शिक्षक आहे आणि उदाहरण चोख आहे. सकाळीं ज्या माणसाला आपण भाड्याचे आहों कीं विकलेले हें ठाऊक नाहीं आणि संध्याकाळीं तें आपल्या प्रेतावरून ठरणार आहे, त्याची स्थिति एवढ्या स्वच्छ भाषेंत कोणा कवीनें सांगितलेली नाहीं.

आतां वाङ्मयाकडे वळूं. इ. स. पू. ४५ मध्यें सिसरोनें दुःख कसें सोसावें ह्याविषयीं लिहितांना ग्लॅडिएटरचा दाखला घेतला. हीं माणसें कफल्लक किंवा रानटी. पण जखमांनीं भरलेलीं असतांहि धन्याची इच्छा विचारावयास माणूस पाठवितात, साधारण प्रतीचा ग्लॅडिएटरहि कण्हत नाहीं कीं चेहरा पाडीत नाहीं. हा देखावा निर्दय वाटतो असें म्हणणारे लोक आहेत, हें सिसरोला ठाऊक आहे. त्यांना अर्धवट मान देऊन तो पुढें जातो. त्याला हवा आहे तो धडा. दुसऱ्याच्या अंगावरील जखमांतून आपल्या वर्गाच्या वाचकाला धैर्य शिकविणें ही वक्त्याची सोय झाली. तीस दृष्टि म्हणवत नाहीं.

सेनेकाची गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण करुणेचा मान परंपरेनें त्याला दिला आहे. ल्युसिलिअसला लिहिलेल्या सातव्या पत्रांत तो दुपारच्या खेळाला गेल्याचें सांगतो. थोडी गंमत पाहावी अशी अपेक्षा होती. पाहिली ती निखळ हत्या. ढाल नाहीं, शिरस्त्राण नाहीं, उघड्या अंगाचीं माणसें एकमेकांपुढें लोटलीं जात आहेत आणि लोकांना हेंच अधिक आवडतें आहे. हे लोक शिक्षा झालेले कैदी होते, तालमींतले ग्लॅडिएटर नव्हते. हा भेद कित्येक लेखक विसरतात. पण आमचा आक्षेप निराळा आहे. तें पत्र शांतपणें पुन्हां वाचावें. त्याचा विषय गर्दी टाळावी हा आहे. घरीं आल्यावर आपण अधिक लोभी, अधिक निर्दय झालों, ही सेनेकाची तक्रार आहे. मेलेल्या माणसाला नांव नाहीं, चेहरा नाहीं. तो तत्त्वज्ञाच्या मनःस्वास्थ्याला झालेला अपाय म्हणून तेवढा उरतो. सत्तराव्या पत्रांत तो अधिक जवळ येतो. श्वापदांशीं लढावयास नेमलेला एक जर्मन, क्षणभर एकांत मिळतो म्हणून शौचकूपांत गेला आणि तेथील स्पंज बांधलेली काठी घशांत कोंबून त्यानें प्राण दिला. हा प्रसंग सेनेकानें जपून ठेविला, ह्याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहों. त्या जर्मनाला तो शूर म्हणतो, हेंहि खरें. परंतु लगेच त्याचें उदाहरण होतें, आणि उदाहरण झालेल्या माणसाला पुढें बोलावयास काहीं उरत नाहीं.

ज्युवेनालला धडा नको, शिकार हवी. सीनेटरची बायको एप्पिआ नवरा, मुलें, बहीण टाकून सर्जिअस नांवाच्या ग्लॅडिएटरमागें ईजिप्तला पळून जाते. तिनें काय पाहिलें त्याच्यांत? घायाळ दंड, शिरस्त्राणानें घासलेला चेहरा, नाकावर गांठ, पाणी गळणारा डोळा. हें सारें बाईची थट्टा व्हावी म्हणून लिहिलें आहे. पण द्वेषाच्या भरांत ज्युवेनालनें लॅटिन काव्यांतील ग्लॅडिएटरचा एक खरा चेहरा रंगवून ठेविला. टर घेणाऱ्या लेखणीच्या हातून कधीं कधीं असें होतें. मार्शलनें इ. स. ८० मध्यें कलॉसिअमच्या उद्घाटनप्रसंगीं लिहिलेल्या काव्यांत प्रिस्कस आणि व्हेरस ह्यांची झुंज आहे. दोघे सारखेच टिकले, दोघांनीं एकदमच हार मानली, आणि टायटसनें दोघांनाहि मुक्तीची लांकडी तलवार दिली. सबंध रोमन वाङ्मयांत एका नेहमींच्या झुंजीचें आरंभापासून शेवटपर्यंत आलेलें वर्णन काय तें हेंच, आणि त्याच्या शेवटच्या ओळींत नायक कोण, तर बादशहा!

ह्या सर्वांत आम्हांस पेट्रोनिअस श्रेष्ठ वाटतो. त्यानें ग्लॅडिएटरविषयीं लिहिण्याचा आवच आणला नाहीं. त्यानें प्रेक्षकाला बोलूं दिलें. ट्रिमाल्किओच्या मेजवानींत एकिऑन नांवाचा चिंध्यांचा व्यापारी येणाऱ्या तीन दिवसांच्या खेळाविषयीं जिभल्या चाटीत बोलतो. पळवाट नसेल, कत्तल मधोमध होईल, सर्वांना दिसेल! मागच्या खेळांत एका बड्या गृहस्थानें दिडकीच्या किंमतीचे, फुंकर मारली तर पडतील असे म्हातारे उभे केले होते. त्यानें खेळ दिला, पण मीं टाळ्या दिल्या, हिशेब मांडला तर माझेंच येणें निघतें, असा त्याचा जमाखर्च आहे. आणि स्वतः ट्रिमाल्किओ आपल्या थडग्यावर पेट्राइटीस ह्या ग्लॅडिएटरच्या सर्व झुंजी कोरून घेण्याची आज्ञा देतो. ह्याच्या शेजारीं उंब्रियांतील सार्सिना गांवचा एक दगड ठेवून पाहावा. होरेशिअस बाल्बस नांवाच्या दात्यानें आपल्या गांवकऱ्यांना स्मशानासाठीं जागा दिली. वगळले ते गळफास घेतलेले, घाणेरड्या धंद्यावर पोट भरणारे, आणि ग्लॅडिएटर म्हणून स्वतःला विकणारे. त्याच्या झुंजी थडग्यावर हव्यात. तो स्मशानांत नको.

टर्टुलिअननें इ. स. २०० च्या सुमारास हा विरोध नेमका पकडला होता. लोक ज्यांच्यावर प्रेम करतात त्यांनाच शिक्षा देतात, कलेची वाहवा आणि कलावंताची बदनामी एकाच तोंडानें करतात, असें त्याचें म्हणणें. ह्या विषयावर इतकें मार्मिक वाक्य दुसरें कोणीं लिहिलें नाहीं. मात्र त्यालाहि चिंता आहे ती आपल्या धर्मबंधूंनीं त्या बाकांवर बसूं नये ह्याची.

मग ज्याच्याविषयीं हें सर्व लिहिलें, तो स्वतः काय म्हणतो? सिसिलींत सांपडलेल्या एका दगडावर मोजके शब्द आहेत. फ्लामा, सीरियाचा, वय ३०, झुंजी ३४, विजय २१, बरोबरी ९, हरूनहि जीवदान ४. त्याला चार वेळां मुक्तीची तलवार मिळाली व त्यानें ती नाकारली, अशी रसभरित कथा हल्लीं सर्वत्र सांगितली जाते, ती ह्या शेवटच्या आंकड्याचा चुकीचा अर्थ लावून. बेरीज करून पाहिली तरी उलगडा होतो. खरा मजकूर अधिक मोठा आहे: हा माणूस चार वेळां धुळींत पडला, चार वेळां परक्यांच्या मर्जीनें उठला, आणि तें लपविण्याची गरज त्याच्या माणसांना वाटली नाहीं. दगड उभारणारा डेलिकाटस स्वतःला त्याचा शस्त्रबंधु म्हणवितो.

येथें एक शंका निघेल. दगड उभारावयास पैसे लागतात आणि रडणारें माणूस लागतें. पहिल्याच झुंजींत जे गेले त्यांचे दगड कोठें आहेत? शंका रास्त आहे, आणि तिला उत्तर दिलें तें हाडांनीं. एफिससजवळ १९९३ सालीं ऑस्ट्रियन संशोधकांना ग्लॅडिएटरांचें एक स्मशान सांपडलें. साठांहून अधिक देह, बहुतेक ऐन तारुण्यांतले. कवट्यांवर घाव आहेत, पण कित्येक घाव नीट भरून आलेले. महाग जनावराची निगा राखावी तशी त्यांची निगा राखली जाई. खाणें मुख्यतः सातू आणि शेंगांचें. प्लिनीनें ह्यांना सातूखाऊ म्हटलें होतें, तें आतां हाडांच्या रसायनानेंहि पटतें. इ. स. १५७ पासून सुमारें चार वर्षें पर्गमम येथें गॅलन हाच ग्लॅडिएटरांचा वैद्य होता, आणि आपल्या हाताखालीं फार थोडे दगावले ह्याचा त्याला अभिमान होता.

ज्यांना दगड मिळाले त्यांचें बोलणें मात्र आपल्या अपेक्षेप्रमाणें नाहीं. व्हेरोनाचा ग्लाउकस आठव्या झुंजींत तेविसाव्या वर्षीं मेला. तो म्हणतो, नेमेसिस देवीवर विसंबूं नका, आपलें नक्षत्र आपण पाहा. मी असाच फसलों. मिलानचा उर्बिकस मूळचा फ्लॉरेन्सचा, वय २२, झुंजी १३; मागें सात वर्षांच्या संसाराची बायको लॉरिशिआ आणि पांच महिन्यांची ऑलिंपिआस. ह्या मजकुरावर कोणाचेंहि मन द्रवेल; पण पुढचेंच वाक्य वाचकाला उद्देशून आहे: ज्याला हरवाल त्याला मारून टाका. ग्लॅडिएटरला केवळ बळी म्हणून कवटाळूं पाहणाऱ्या आजच्या लेखकांना हें वाक्य गैरसोयीचें वाटतें, म्हणून तें गाळलें जातें. तें गाळणें म्हणजे त्याला पुन्हां एकदां आपलें उदाहरण करणें होय. दया दाखवून तो मेला असावा, आणि बायकोनें हा उपदेश पोटच्या पोरीच्या नांवाशेजारीं कोरविला.

काळ्या समुद्राच्या कांठचें अमिसस, म्हणजे आजचें सामसून, येथील डायोडोरसचा दगड आतां ब्रसेल्सच्या संग्रहालयांत आहे. डिमिट्रियसला मीं लोळविलें, पण लगेच मारलें नाहीं. मला मारलें तें घातकी दैवानें आणि मुख्य पंचाच्या कपटानें, असें तो सांगतो. मायकेल कार्टर ह्या संशोधकानें २०११ सालीं ह्याचा असा अर्थ लाविला कीं, डिमिट्रियसचें पडणें अपघाती ठरवून पंचानें त्याची तलवार त्याला परत देवविली आणि झुंज पुन्हां सुरू केली. शिल्पकारानें तो पुढला भाग कोरलेला नाहीं. दगडावर डिमिट्रियस जमिनीवर आहे, डायोडोरस उभा आहे, आणि त्याच्या हातांत दोन तलवारी आहेत.